मांडे ताणताना करंगळीला मुंग्या का येतात?

प्रश्न अमळनेर तालुक्यातल्या एका ताईंचा आहे. वय 38. लग्नसराईत आणि आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) त्या ऑर्डरचे मांडे करून देतात. दीड वर्षापासून त्यांच्या उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होतं, कोपरापासून मनगटापर्यंत आतल्या बाजूने मुंग्या येतात, हात जड पडतो. लेकीची वेणी घालताना, दोरीवर कपडे वाळत टाकताना हाच त्रास. मानेचा एमआरआय झाला, त्यात पाचव्या-सहाव्या मणक्यामधली गादी किंचित फुगलेली दिसली. 'मानेत गॅप आहे' म्हणून पट्टा मिळाला, गोळ्या झाल्या, शेक झाला. उतार नाही. मग एका ठिकाणी साधा एक्स-रे काढला, तर मानेत जास्तीची बरगडी निघाली. आता नातेवाईक म्हणतात, बरगडी काढून टाका. शेजारीण म्हणते, काढली की हात लुळा पडतो. त्या विचारतात: हा थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम नक्की काय असतो, ऑपरेशन करावंच लागेल का, आणि पुढच्या आखाजीला मांडे करता येतील का?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा लक्ष रिपोर्टांकडे गेलं. दुसऱ्यांदा मधलंच एक वाक्य नजरेत भरलं: 'पीठ मळताना काही होत नाही, पण मांडा हातावर घेतला की दहाव्या-बाराव्यालाच हात सुन्न व्हई जास.' माझ्या मते तुमच्या दुखण्याची किल्ली एमआरआयमध्ये नसून या वाक्यात आहे.

मी बावीस वर्षं जळगावात फिजिओथेरपी करते. मांडे करणाऱ्या बायका पुष्कळ पाहिल्या आहेत (मला स्वतःला जमत नाहीत, माझा मांडा तिसऱ्या झोक्यालाच फाटतो). ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. पुरण भरलेला सैल गोळा दोन्ही हातांवर घ्यायचा, या हातावरून त्या हातावर झोके देत कोपरापर्यंत ताणत न्यायचा आणि पातळ रुमालासारखा झाला की चुलीवरच्या पालथ्या खापरावर अलगद टाकायचा. यात वजन जवळजवळ नाहीच. कणीक मळायला याच्या कितीतरी पट ताकद लागते. पण मळताना हात खाली असतात. ताणताना दोन्ही कोपरं खांद्याच्या रेषेत येतात, धगीपासून तोंड वाचवायला मान मागे जाते, श्वास रोखला जातो. म्हणजे तुमचा हात ओझ्याने सुन्न होत नाही, हात ज्या अवस्थेत धरला जातो तिच्यामुळे होतो. वेणी घालणं आणि कपडे वाळत टाकणं यांचंही तेच. तिन्ही कामांत हात वर आहे.

हात वर गेला की आत काय होतं ते बघू. मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांची पाच मुळं असतात. चार मानेच्या खालच्या भागातली, पाचवं छातीच्या पहिल्या मणक्याखालचं. ती एकमेकांत गुंफून एक जाळं बनतं, त्याला ब्रेकियल प्लेक्सस म्हणतात. हे जाळं, हाताला रक्त नेणारी धमनी आणि रक्त परत आणणारी शीर, या तिघांना मानेतून काखेत पोचायचं असतं आणि वाटेत तीन अरुंद जागा लागतात. पहिली मानेच्या बाजूला, स्केलीन नावाच्या दोन स्नायूंच्या मधली. तिचा तळ म्हणजे तुमची पहिली बरगडी. इथून नसा आणि धमनी जातात, शीर मात्र पुढच्या स्नायूच्या पुढून निघते. दुसरी जागा कॉलर बोन आणि पहिली बरगडी यांच्या फटीत. तिथे तिघेही एकत्र येतात. तिसरी खांद्याच्या पुढे, छातीच्या पेक्टोरॅलिस मायनर या लहान स्नायूखाली. हात वर घेतला की कॉलर बोन मागे फिरून बरगडीकडे सरकतं, ती फट कमी होते, आणि पुढचा लहान स्नायू ताणला जाऊन त्याच्याखालून जाणाऱ्या नसांना वळसा पडतो. ही ये-जा प्रत्येकात होते, म्हणून बराच वेळ हात वर धरला तर कुणालाही अवघडल्यासारखं वाटतं. ज्यांच्यात जागा मुळातच कमी, त्यांना मुंग्या येतात. या वाटेवरच्या दाबालाच थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम म्हणतात.

आता करंगळीच का? जाळ्यातली सगळ्यात खालची दोन मुळं पहिल्या बरगडीला टेकून जातात. चेपली तर आधी तीच चेपतात, आणि ती करंगळी, अनामिका आणि हाताची आतली बाजू यांच्याकडे जातात. उलट तुमच्या एमआरआयमध्ये जी गादी फुगलेली आहे, तिथून निघणारी नस अंगठ्याकडे जाते. तिथली नस दबली असती तर अंगठा आणि तर्जनी कुरकुरली असती. दुखणं करंगळीत आणि दोष अंगठ्याच्या नसेवर, हा हिशेब जुळत नाही. चाळिशीकडे झुकलेल्या बाईच्या मानेच्या एमआरआयमध्ये एखादी फुगलेली गादी दिसणं यात काही नवल नाही. काहीच त्रास नसलेल्यांचे एमआरआय काढले तरी कितीतरी जणांत ती दिसते. 'गॅप आहे' हे दोन शब्द आपल्याकडे फार स्वस्त झाले आहेत.

जास्तीच्या बरगडीबद्दल तुम्ही धास्तावला आहात. तिला सर्व्हायकल रिब म्हणतात. मानेच्या सातव्या मणक्यापासून निघालेला हाडाचा तुकडा. कधी पूर्ण बरगडी, कधी नुसतं टोक आणि पुढे दोरीसारखा घट्ट पट्टा. ती जन्मापासून असते, नंतर वाढलेली नाही. शंभरात एखाद्याला, किंवा त्याहूनही कमी लोकांना असते, बायकांत थोडी जास्त, आणि बहुतेकांना जन्मभर तिचा पत्ताही लागत नाही. 36 वर्षं ती तुमच्या मानेत गप्प बसली होती. तिने जागा अरुंद केली हे खरं, पण दीड वर्षापूर्वी काय बदललं? हे तुम्ही लिहिलेलं नाही. ऑर्डरी वाढल्या का? गाडीवरून पडलात का? वजन वाढलं का? मानेला झटका बसून स्केलीन स्नायू आखडणं हे या आजाराचं नेहमीचं कारण आहे. कॉलर बोन मोडून वाकडं जुळलं तरी फट कमी होते. खांदे पुढे पडलेले, मान पुढे आलेली, दिवसभर एकाच मापाचं काम, हे तर आपल्याकडे घरोघर.

पण थांबा. हिशेब जुळला म्हणून निदान झालं असं मी स्वतः आता करत नाही, आणि त्याला कारण आहे.

काही वर्षांपूर्वी सराफ बाजारातला एक कारागीर माझ्याकडे आला होता. तिशीचा, दिवसभर मान खाली घालून सोन्याच्या तारेचं काम. तक्रार एकच: चिमटा सुटतो. मान दुखते का विचारलं तर हो म्हणाला. मान दुखत नाही असा कारागीर मी पाहिलेला नाही. मी मानेचं धरलं आणि सहा आठवडे ट्रॅक्शन दिलं, म्हणजे मान ताणून धरायचा उपचार. त्याला बरं वाटेना, पण बिचारा येत राहिला. एक दिवस दिवे गेले होते, खिडकीजवळ बसवून त्याचे दोन्ही तळवे शेजारी शेजारी ठेवले, आणि मला घाम फुटला. उजव्या अंगठ्याच्या बुडाशी जो मांसल उंचवटा असतो तिथे खळगा पडला होता. जुना एक्स-रे मागवला. रिपोर्टात काही लिहिलेलं नव्हतं, पण फिल्मच्या वरच्या कोपऱ्यात सर्व्हायकल रिब स्वच्छ दिसत होती. फिल्म पहिल्या दिवशी माझ्या टेबलावरच होती. मी फक्त रिपोर्ट वाचला होता. त्याचं पुढे ऑपरेशन झालं, दुखणं गेलं, ताकद कमी व्हायची थांबली. अंगठ्याचा खळगा मात्र भरला नाही. नस फार काळ चेपलेली राहिली की स्नायू परत येत नाही. तेव्हापासून हातात मुंग्या घेऊन आलेल्या प्रत्येकाचे तळवे मी उजेडात शेजारी ठेवून बघते. हे तुम्ही आजच घरी करा. अंगठ्याचं बूड, करंगळीखालची गादी आणि अंगठा-तर्जनीच्या मधली जागा दोन्ही हातांत सारखी भरलेली हवी. फरक दिसला तर व्यायामाच्या नादी न लागता आधी न्यूरॉलॉजिस्टला दाखवायचं.

करंगळी बधिर होण्याची दुसरीही कारणं आहेत, ती एकेक करून बाजूला काढावी लागतात. कोपराच्या मागे, जिथे आपटलं की झिणझिणी येते, तिथे अल्नार नस दबली तरी करंगळी बधिर होते. मात्र तेव्हा बधिरपणा साधारण मनगटाखालीच राहतो. तुमच्या मुंग्या कोपरापर्यंत आतल्या बाजूने येतात, म्हणून माझा कल वरच्या जागेकडे आहे. मनगटात नस दबली तर अंगठा, तर्जनी, मधलं बोट, आणि रात्री झोपेतून उठून हात झटकावा लागतो. हातांच्या आधी पावलं बधिर झाली असतील तर साखर आणि बी-बारा तपासा. आपल्याकडे शाकाहारी घरांत बी-बारा कमी निघणं नेहमीचंच. आणि एक गोष्ट लोक बोलायला टाळतात, म्हणून मी मुद्दाम बोलते: कुष्ठरोग. त्यातही कोपरामागची नसच जाड होते आणि करंगळी बधिर पडते. अंगावर कुठे फिकट, संवेदना नसलेला डाग आहे का ते बघा. असेल तर सरकारी दवाखान्यात औषध मोफत मिळतं आणि आजार पूर्ण बरा होतो. पन्नाशीपुढच्या बिडी ओढणाऱ्या माणसाचा खांदा आणि करंगळीची बाजू दुखत असेल, त्यात एका डोळ्याची पापणी खाली आली असेल, तर छातीचा एक्स-रे त्याच दिवशी. फुफ्फुसाच्या टोकाचा कॅन्सर याच नसांवर वाढतो. आणि डावा हात चालताना, चढ चढताना दुखत असेल तर माझ्याकडे न येता आधी ईसीजी.

थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम हा एकच आजार नाही, एका नावाखाली तीन आहेत. 1956 साली हे नाव रूढ झालं, त्याआधी हाच प्रकार सर्व्हायकल रिब, स्केलीन अशा वेगवेगळ्या नावांनी ओळखला जाई. नस दबण्याचा प्रकार शंभरातल्या नव्वदहून अधिक जणांत असतो, तुमचाही तोच दिसतो. तो चिवट, कंटाळवाणा, पण सहसा घाईचा नाही. शीर दबण्याचा प्रकार शंभरात तीन ते पाच, धमनीचा जेमतेम एक. हे दोन मात्र घाईचे आहेत.

शिरेच्या प्रकाराची एक गोष्ट सांगते, कारण आपल्याकडे केळीचा पट्टा आहे आणि हे तिथल्या पोरांना ठाऊक असायला हवं. रावेरकडचा तेविशीचा मुलगा, केळीकटाईच्या टोळीत. वीस-पंचवीस किलोचा घड खांद्यावर घेऊन बागेतून गाडीपर्यंत, दिवसभर, वर गाडीत चढवायचं ते वेगळंच. एका सकाळी उठला तर उजवा हात दंडापासून सुजलेला. घरच्यांना वाटलं लचक भरली. दोन दिवस शेक आणि तेलाची मालिश झाली, तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आणला. शर्ट काढायला लावला. हात निळसर, दंड डाव्यापेक्षा दोन बोटं जाड, आणि खांद्यावर, छातीवर शिरांचं जाळं उठलेलं, जे दुसऱ्या बाजूला नव्हतं. मी हात लावला नाही. सरळ डॉप्लरला, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीला पाठवला. कॉलर बोनखालच्या शिरेत रक्ताची गाठ होती. मालिशने ती गाठ सुटून फुफ्फुसात जाऊ शकते, जीवावर बेतू शकतं. रक्त पातळ करायची औषधं त्याच दिवशी सुरू झाली, मोठ्या शहरात रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे गेला, नळी घालून गाठ विरघळवली, नंतर पहिली बरगडी काढली. गाठ विरघळवण्याचा हा उपाय पहिल्या दोन आठवड्यांत चांगला चालतो, पुढे त्याचा फायदा घटत जातो. पॅजेट आणि श्रोटर या दोन डॉक्टरांनी 1875 आणि 1884 मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून त्यांच्या नावाने ओळखतात. साधी भाषा हवी तर 'श्रमाने झालेली गाठ'. तो मुलगा आता घड उचलत नाही, एका बागेत ठिबकचं काम बघतो.

धमनीच्या प्रकारात हात सुजत नाही, उलट थंड आणि पांढरा पडतो, काम करताना पेटके येतात, बोटांच्या टोकांवर काळे ठिपके दिसू शकतात. हा प्रकार जवळजवळ नेहमी सर्व्हायकल रिबसारख्या हाडाच्या दोषामुळेच होतो, म्हणून तुम्हाला सांगणं भाग आहे. हात अचानक गार, पांढरा झाला, मनगटाची नाडी लागेना, तर सकाळची वाट बघायची नाही.

तपासणीबद्दल. काही ठिकाणी हात मागे-वर करून, मान वळवून मनगटाची नाडी बघतात, आणि नाडी गेली की 'तुम्हाला थोरॅसिक आउटलेट' म्हणतात. ही अ‍ॅडसनची तपासणी जवळपास शंभर वर्षं जुनी आहे, आणि तंदुरुस्त माणसांतही नाडी जाते. माझी जाते, आणि मला काहीही होत नाही. नाडी गेली एवढ्यावरून नसेचं निदान करू नका. मला त्यापेक्षा रूसची तपासणी उपयोगी वाटते. स्टुलावर बसायचं, दोन्ही कोपरं खांद्याच्या उंचीला, हात काटकोनात वर, जणू कुणी 'हात वर' म्हटलं आहे, आणि तीन मिनिटं मुठी उघडायच्या-मिटायच्या. खांदा थोडा भरून येणं सगळ्यांनाच होतं. पण तुमचीच नेहमीची तक्रार, तीच करंगळी, त्याच मुंग्या मिनिटभरात उठल्या आणि हात खाली पडला, तर वजन त्याला आहे. कॉलर बोनच्या वर, मानेच्या बाजूला बोटाने दाबलं की करंगळीपर्यंत झिणझिणी जाते का, हेही बघते. त्यापुढे छातीचा आणि मानेचा साधा एक्स-रे, जो तुमचा झाला आहे. दोन्ही हातांचं बीपी. शिरेची, धमनीची शंका असली तर हात खाली आणि वर ठेवून डॉप्लर. नसांची चाचणी, म्हणजे एनसीएस आणि ईएमजी, करा. पण हाताच्या आतल्या बाजूच्या संवेदनेची नस तपासायला डॉक्टरांना आवर्जून सांगा, नाहीतर ती राहून जाते. आणि ही चाचणी नॉर्मल आली म्हणून तुम्ही नाटक करता असं होत नाही. सुरुवातीच्या अवस्थेत ती बऱ्याचदा नॉर्मलच येते. फार संभ्रम असेल तर सोनोग्राफीखाली स्केलीन स्नायूत बधिरतेचं इंजेक्शन देऊन बघतात; तेवढ्या वेळापुरता हात मोकळा झाला तर दुखण्याची जागा सापडली.

उपचाराकडे येते. इथे मी माझ्याच धंद्याविरुद्ध बोलणार आहे. करंट, शेक, मशीन यांनी दोन तास बरं वाटतं, बाकी काही होत नाही. मानेचं ट्रॅक्शन आणि पट्टा थांबवा. पट्ट्याने मानेचे स्नायू आणखी आखडतात. आणि कुणी 'छाती काढून, खांदे मागे ओढून ताठ बस' म्हणालं तर ऐकू नका. शिपायासारखे खांदे मागे-खाली ओढले की कॉलर बोन आणि बरगडीतली फट उलट कमी होते. खांदे सैल, कानांपासून किंचित लांब, आणि डोकं धडावर, पुढे नाही. एवढंच.

सुरुवात श्वासाने करा. हसू नका. स्केलीन स्नायू पहिल्या बरगडीला धरलेले असतात आणि छातीच्या वरच्या भागाने श्वास घेणारा माणूस प्रत्येक श्वासाला ती बरगडी वर खेचतो. चुलीच्या धुरात, धगीत, घाईत तुम्ही तसाच श्वास घेता. उताणं झोपून, गुडघे वाकवून, एक हात पोटावर आणि एक छातीवर ठेवा. पोटावरचा हात उचलला जाईल, छातीवरचा हलणार नाही असा श्वास, सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटं. दोन आठवडे फक्त हेच आणि हनुवटी हळूच मागे नेण्याचा व्यायाम, दहा वेळा. मग टॉवेलची उभी गुंडाळी पाठीच्या कण्याखाली ठेवून उताणं पडायचं, तळवे वर, हात अंगापासून थोडे लांब. छातीचा पुढचा लहान स्नायू आपोआप सुटतो. दाराच्या चौकटीत हात वर टेकवून ताण देतात तो प्रकार तुम्ही सध्या करू नका, तुमच्या मुंग्या त्यानेच उठतील. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात भिंतीला तळवे टेकून, कोपरं सरळ ठेवून, फक्त खांद्याच्या पाठीचं हाड पुढे ढकलायचं आणि सोडायचं. याने ते हाड धरून ठेवणारा स्नायू मजबूत होतो. नसा सरकवण्याचे व्यायामही असतात, पण ते एकदा समोर बसून शिकावे, व्हिडिओ बघून नको. जोरात केले तर नस चिडते. एकच कसोटी: व्यायामानंतर मुंग्या पाच-दहा मिनिटांत विरल्या तर ठीक, तासभर राहिल्या तर तुम्ही जास्त केलं.

गोळ्यांचं काम मर्यादित आहे. वेदनाशामक थोडे दिवस; नसेच्या दुखण्यावरच्या गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन जातीच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने. त्यांनी झोप येते, गरगरतं, म्हणून चुलीजवळ जपून, आणि मनाने एकदम बंद करायच्या नाहीत.

घरातली कामं बदलणं हा निम्मा उपचार आहे. कपड्यांची दोरी खांद्याखाली आणा. लेकीला पाटावर बसवून तुम्ही उंच बसा आणि वेणी घाला. नळाला पाणी आलं की भरलेल्या बादल्या एका हाताने ओढणं बंद. खाली लटकलेलं ओझं खांदा खाली ओढतं आणि नसा ताणल्या जातात. अर्धी बादली, दोन खेपा. खांद्याला अडकवायची पर्स आडवी घाला. हात उशाशी घेऊन झोपत असाल तर ते सोडा, कुशीवर झोपताना वरच्या हाताखाली उशी घ्या. शेतात जाणं होत असेल तर कापूस वेचताना झोळी गळ्यात अडकवू नका, कमरेला बांधा.

हे सगळं नेटाने किमान तीन महिने, जमलं तर सहा. पहिल्या महिन्यात फार फरक वाटणार नाही, तिथेच बहुतेक जण सोडून देतात. नसेच्या प्रकारातल्या बऱ्याच जणांचं एवढ्यावर भागतं.

ऑपरेशन कधी? स्नायू वाळायला लागला तर, शिरेचा किंवा धमनीचा प्रकार असेल तर, किंवा सहा महिने प्रामाणिकपणे सगळं करूनही हाताने रोजचं जगणं होईना तर. एक्स-रेत जास्तीची बरगडी दिसली, एवढं कारण पुरत नाही. ऑपरेशनमध्ये सर्व्हायकल रिब, बहुधा पहिली बरगडी, आणि स्केलीन स्नायूचा भाग काढतात; कुणी काखेतून जातं, कुणी कॉलर बोनच्या वरून. शेजारीण म्हणते तसा हात सरसकट लुळा पडत नाही. पण धोकेच नाहीत असंही नाही: फुफ्फुसाभोवती हवा भरणं, रक्तस्राव, श्वासाच्या पडद्याच्या किंवा खांद्याच्या नसेला इजा. ही जागा अरुंद आहे हे आपण आधीच बघितलं, सर्जनलाही ती तितकीच अरुंद असते. म्हणून हे ऑपरेशन नेहमी करणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या किंवा छातीच्या सर्जनकडेच करावं, आणि 'तुम्ही अशी किती केलीत' असं विचारायला संकोच करू नये. नंतरही व्यायाम चुकत नाहीत.

तुमच्या बाबतीत मी आज काय करेन? तळवे तपासून घ्या, नसांची चाचणी करा, धमनी ठीक आहे याची एकदा डॉप्लरने खात्री करा. जळगावला आणि धुळ्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, खर्चाचा प्रश्न असेल तर तिथे दाखवा. हे तिन्ही ठीक असेल तर ऑपरेशनचा विषय सहा महिने बाजूला ठेवा. जिथे जाल तिथे एक्स-रेची फिल्म न्या, नुसता रिपोर्ट नको. आणि रुमाल किंवा टॉवेल हातावर घेऊन मांडा कसा ताणता ते त्यांना करून दाखवा. डॉक्टर हसले तर हसू देत.

राहिली आखाजी. मांडे सोडा असं मी म्हणणार नाही. तुमचं घर त्यावर चालतं हे पत्रात दिसतं. पण तीन महिने मोठ्या ऑर्डरी नकोत. नंतर चूल खाली घ्या, किंवा तुम्ही उंच पाटावर बसा, म्हणजे कोपरं छातीच्या मधोमध राहतील, खांद्याला जाणार नाहीत. मांडा अंगाजवळ ताणायचा, हात लांब करून नाही. श्वास सोडत सोडत झोका द्या. जोडीला भाजणारी बाई असतेच; दर आठ मांड्यांनंतर जागा बदला, तिने ताणायचे, तुम्ही खापर सांभाळायचं. आठच का, तर तुम्हीच लिहिलं आहे की दहाव्याला हात सुन्न होतो.